क्लिओ : एका हातात तुतारी, दुसऱ्या हातात ग्रंथ

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात योहानेस फर्मीर या डच चित्रकाराचं एक चित्र आहे, साधारण १६६६ ते १६६८ च्या सुमाराचं. एक चित्रकार आपल्याकडे पाठ करून बसलाय. समोर खिडकीच्या उजेडात एक तरुण मुलगी उभी आहे. अंगावर निळं वस्त्र, डोक्यावर पानांचा मुकुट, नजर खाली झुकलेली. उजव्या हातात लांबलचक तुतारी आणि डाव्या हातानं छातीशी धरलेला जाडजूड पिवळा ग्रंथ.

ही मुलगी कोण, हे कोडं अभ्यासकांनी विसाव्या शतकात एका जुन्या पुस्तकाच्या आधारे सोडवलं. चेझारे रीपा या इटालियन लेखकानं चित्रकारांसाठी एक संदर्भग्रंथ लिहिला होता. सत्य, कीर्ती, न्याय यांसारख्या अमूर्त गोष्टी माणसाच्या रूपात कशा रंगवायच्या, याचे बारीक तपशील त्यात होते. १६४४ साली त्याचा डच अनुवाद निघाला. त्यात क्लिओचं वर्णन आहे: डोक्यावर लॉरेलचा मुकुट, उजव्या हातात तुतारी, डाव्या हातात ग्रंथ, आणि ग्रंथावर थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराचं नाव. फर्मीरची मुलगी जवळपास शब्दाबरहुकूम तशीच उभी आहे. म्हणजे ती क्लिओ, ग्रीकांची इतिहासाची देवता.

आपल्या सरस्वतीच्या हातात वीणा आणि पुस्तक असतं, आणि त्या दोहोंत काही भांडण नाही. क्लिओच्या हातातल्या दोन वस्तूंचं मात्र तसं नाही. तुतारी फुंकली की चार दिशांना नाव जातं. ग्रंथ उघडला की त्या नावाची तपासणी सुरू होते. इतिहास म्हणजे या दोन हातांची ओढाताण, असं मला मनापासून वाटतं. आणि आज जगात क्लिओचं नाव लावून फिरणाऱ्या ज्या ज्या गोष्टी आहेत, त्यांनी तिचा कोणता हात धरला हे पाहिलं, तर इतिहास या विषयाबद्दलच बरंच काही कळतं.

आधी नावाचा अर्थ पाहू, कारण त्यात मराठी वाचकासाठी एक सुखद धक्का आहे.

क्लिओ हे नाव ग्रीक ‘क्लेओस’ या शब्दाच्या घरातलं आहे. क्लेओस म्हणजे कीर्ती. पण कसली कीर्ती? लोकांच्या तोंडी असलेली, कानोकानी पसरलेली. या शब्दाचं मूळ ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूत आहे. फार जुन्या ग्रीकमध्ये तो ‘क्लेवोस’ होता, मधला व पुढे गळला. आता संस्कृतमधला ‘श्रवस्’ शब्द आठवा. श्रवण, श्रोता, श्रुती यांच्याच कुळातला. त्याचाही अर्थ कीर्ती. ग्रीक आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या फांद्या. त्या मूळ भाषेतल्या एका विशिष्ट ध्वनीचा ग्रीकमध्ये क झाला आणि संस्कृतमध्ये श. म्हणून ग्रीकांचं शंभर ‘हेकातोन’ आणि आपलं ‘शतम्’. त्याच नियमानं तिकडे क्लेवोस आणि इकडे श्रवस्. क्लिओ म्हणजे आपल्या ‘श्रवणा’ची लांबची बहीण आहे.

नातं इतक्यावर थांबत नाही. होमरच्या इलियड या महाकाव्यात, नवव्या सर्गात, ग्रीक योद्धा अकिलीस सांगतो की त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. ट्रॉयलाच लढत राहिला तर मरण ठरलेलं, पण कधीही न विझणारी कीर्ती मिळेल. घरी परतला तर आयुष्य लांबेल, पण ती कीर्ती जाईल. त्या न विझणाऱ्या कीर्तीसाठी होमरचे शब्द आहेत ‘क्लेओस अफ्थितोन’. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्राकडे जे मागणं मागितलंय, त्यात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ हे शब्द येतात, म्हणजे क्षय न पावणारी कीर्ती. क्लेओस आणि श्रवस्, अफ्थितोन आणि अक्षितम् : दोन्ही शब्दजोड्या एकाच मुळातल्या. आडालबेर्ट कून या जर्मन भाषापंडितानं १८५३ साली हे साम्य जगापुढे मांडलं. हजारो वर्षांपूर्वी, ग्रीक आणि संस्कृत वेगळ्या व्हायच्याही आधी, कुणी कवी याच दोन शब्दांची जोडी वापरत असावा, असा तर्क त्यावरून अभ्यासक करतात. मला हे वाचलं तेव्हा क्लिओ परकी वाटेनाशी झाली.

आता तिचं घर. ग्रीक पुराणकथांप्रमाणे झ्यूस हा देवांचा राजा आणि नेमोसिनी ही स्मृतीची देवी. झ्यूस नऊ रात्री तिच्याजवळ राहिला आणि नऊ मुली झाल्या. त्यांना म्यूझ म्हणतात. म्युझिक हा शब्द त्यांच्यापासून आला, आणि म्युझियम म्हणजे मुळात या बहिणींचं स्थान. हेसिअड या प्राचीन कवीनं त्यांची नावं दिली आहेत, आणि त्या यादीत पहिलं नाव क्लिओचं आहे. गंमत अशी की हेसिअड कुणालाच खातं वाटून देत नाही. अमुक बहीण इतिहासाची, तमुक शोकांतिकेची, अमुक ग्रहताऱ्यांची ही वाटणी बऱ्याच शतकांनंतर पक्की झाली. हेसिअडच्या काळात इतिहास नावाचा वेगळा विषयच नव्हता. गाणारे कवी होते, ऐकणारे लोक होते, आणि दोघांच्या मधोमध आठवण होती. स्मृतीच्या पोटी कीर्ती जन्मली, हे त्या काळच्या माणसाला सांगावंही लागत नसे.

क्लिओबद्दल कथा फारशा नाहीत. एक आहे, अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणकथांच्या संग्रहात. प्रेमाची देवी अफ्रोडायटी अडोनिस नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडली म्हणून क्लिओनं तिला टोकलं. देवीनं सूड म्हणून क्लिओलाच पिएरोस नावाच्या पुरुषाच्या प्रेमात पाडलं. त्यांचा मुलगा हायसिंथस. अपोलो या देवानं फेकलेली खेळातली थाळी लागून तो मेला, आणि त्याचं नाव एका फुलाला मिळालं. जे घडलं ते तोंडावर बोलून दाखवायचं आणि त्याची किंमत मोजायची, हे क्लिओच्या वाट्याला तेव्हापासूनच आलं होतं म्हणायचं.

पुढची पायरी हेरोडोटसची. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात त्यानं ग्रीक आणि इराणी यांच्यातल्या युद्धांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे त्याचे नऊ भाग पाडले गेले आणि प्रत्येक भागाला एकेका बहिणीचं नाव दिलं गेलं. पहिला भाग अर्थातच ‘क्लिओ’. (तिसऱ्या भागाचं नाव ‘थालिया’. सोनं उकरून काढणाऱ्या भारतातल्या मोठाल्या मुंग्या आणि लोकर देणारी झाडं, म्हणजे आपला कापूस, त्याच भागात भेटतात.)

या ग्रंथाचं पहिलंच वाक्य सावकाश वाचण्यासारखं आहे. हेरोडोटस म्हणतो, ही मी केलेली ‘हिस्तोरिए’ आहे. या शब्दाचा अर्थ तेव्हा इतिहास असा नव्हता, चौकशी असा होता. लोकांना विचारून, हिंडून, पडताळून मिळवलेली माहिती. आणि चौकशी कशासाठी? तर ग्रीकांनी आणि ग्रीकेतरांनी केलेली मोठी, थक्क करणारी कामं ‘अक्लेआ’ होऊ नयेत म्हणून. क्लेओसला नकाराचा अ लावला की अक्लेआ. तोच अ, जो आपण अकीर्ती, अज्ञात या शब्दांत लावतो. म्हणजे या एकाच वाक्यात चौकशीही आहे आणि कीर्तीही. क्लिओचे दोन्ही हात. शिवाय कीर्ती फक्त आपल्या बाजूची नाही, शत्रूचीही जपायची, असं तो तिथंच सांगून टाकतो. हे त्याला महागात पडलं. काही शतकांनंतर प्लुटार्क या ग्रीक लेखकानं त्याला ‘परक्यांचा मित्र’ ठरवून झोडपून काढलं.

आपल्याकडे पोवाडा वेगळा आणि दप्तरातला कागद वेगळा. ग्रीकांनी दोन्ही एकाच देवीच्या ओटीत घातले, आणि तिथूनच सगळी गुंतागुंत सुरू झाली.

आता तिच्या नावाच्या आजच्या वारसदारांकडे येऊ.

सगळ्यात उंचावरचा वारसदार आकाशात आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात क्लिओ नावाचा लघुग्रह फिरतोय. क्रमांक ८४. रोबर्ट लुथर यांनी तो १८६५ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून शोधला. पण आकाशात हे नाव त्याआधीच एकदा येऊन गेलं होतं. १८५० साली लंडनहून जॉन रसेल हिंड यांनी एक लघुग्रह शोधला आणि त्याचं नाव ठेवलं व्हिक्टोरिया. तेव्हा रिवाज असा होता की नाव पुराणकथेतलंच हवं, जिवंत माणसाचं नको. व्हिक्टोरिया ही रोमन लोकांची विजयदेवता, हे खरंच. पण त्या वेळी गादीवर कोण होतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत कुरकुर झाली. हिंड यांनी पर्याय सुचवून ठेवला होता : क्लिओ. अमेरिकेतल्या खगोलशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादक बेंजामिन गूल्ड यांनी तेच नाव छापायला घेतलं. काही काळ एकाच खडकाला अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन नावं होती. शेवटी राणीचं नाव टिकलं आणि क्लिओला पुढे लुथर यांचा खडक मिळाला. सत्तेची कीर्ती आणि इतिहासाची देवता यांच्यातला हा सामना त्या वेळी सत्तेनं जिंकला, आणि त्याची नोंद खगोलशास्त्राच्या यादीत १२ व्हिक्टोरिया म्हणून कायमची राहिली.

जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाला क्लिओ म्हटलं की पुरस्कार आठवतो. १९५९ साली वॉलेस रॉस यांनी अमेरिकी टीव्हीवरच्या चांगल्या जाहिरातींसाठी तो सुरू केला, पुढे इतर माध्यमं आणि इतर देशही त्यात आले. त्याची मूर्ती जॉर्ज ओल्डेन यांनी घडवली. अमेरिकेचं टपाल तिकीट चितारणारे ते पहिले कृष्णवर्णीय कलाकार. १९६३ सालचं ते तिकीट गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली म्हणून निघालं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, गुलामीकडे पुन्हा यायचंय.

जाहिरात म्हणजे नाव गाजवण्याची कला, तेव्हा तिनं क्लिओची तुतारी उचलावी हे साहजिक आहे. पण ग्रंथाशिवाय नुसती तुतारी कशी वाजते हे १९९१ साली न्यूयॉर्कच्या सोहळ्यात दिसलं. संस्था अडचणीत होती, ठरलेला सूत्रसंचालक आलाच नाही. जेवणाची व्यवस्था ज्याच्याकडे होती त्या माणसानं सूत्रसंचालन हाती घेतलं. हातात ना संहिता, ना विजेत्यांची यादी. पडद्यावर जाहिरात दिसली की ज्याची असेल त्यानं पुढे यायचं आणि मूर्ती न्यायची. शेवटी लोक मंचावर चढले आणि उरलेल्या मूर्ती उचलून चालू लागले. कुणाला काय मिळालं हे लिहून ठेवलेला एक कागद नसला, तर सन्मानाचा अर्थ किती झरझर उतरतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पुरस्कार त्यातून सावरला आणि आजही दिला जातो.

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र क्लिओ म्हणजे गाडी. रेनॉल्ट कंपनीनं १९९० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती आणली. त्याआधी रेनॉल्ट ४, रेनॉल्ट ५ अशी आकड्यांची नावं ओळखीची होती. रेनॉल्ट ५ ची जागा घेणाऱ्या गाडीला नाव मिळालं ते देवतेचं. १९९१ आणि २००६ अशी दोन वेळा ती युरोपातली वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरली, आणि आजवर दीड कोटीहून जास्त विकली गेली. जपानमध्ये मात्र तिला क्लिओ म्हणता येत नाही. तिथे होंडाच्या विक्री-दालनांच्या एका साखळीचं नाव आधीच क्लिओ होतं. म्हणून जपानात तीच गाडी ‘लुटेसिया’ नावानं विकली जाते. लुटेसिया हे पॅरिसचं रोमनकाळातलं नाव. इतिहासाच्या देवतेचं नाव सोडावं लागलं, तेव्हा कंपनीला पर्याय सापडला तोही इतिहासातूनच.

समुद्रात पाहिलं तर क्लिओ नावाच्या चिमुकल्या गोगलगायींचा एक गट आहे. त्या तळावर सरपटत नाहीत, पंखांसारखे अवयव हलवत पाण्यात तरंगतात. म्हणून त्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात. त्यांच्याच नात्यातली क्लिओनी, तिला शंख नसतो, शरीर जवळपास पारदर्शक. उत्तर जपानमध्ये ओखोत्स्क समुद्राचा बर्फ होक्काइदोच्या किनाऱ्याला लागतो तेव्हा ती दिसते आणि तिथे ती फार लाडकी आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात समुद्रदेवाची एक लेकही क्लिओ नावाची आहे, त्यामुळे हे नाव पाण्यात परकं नाही. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. समुद्री फुलपाखरं मेली की त्यांचे नाजूक शंख तळाशी जातात आणि गाळाचे थर बनतात. शास्त्रज्ञ त्या थरांत नळी खुपसून गाळाचा उभा दंडगोल काढतात, आणि कुठल्या काळात समुद्र कसा होता हे त्या शंखांवरून वाचतात. अरबी समुद्राच्या तळावरच्या गाळातही असे शंख अभ्यासले गेले आहेत. तुतारीचं नावही नाही, निव्वळ नोंद.

आणि नोंदीचा विषय निघालाच आहे तर मुख्य वारसदाराकडे येतो. त्याचं नाव क्लिओमेट्रिक्स. क्लिओ अधिक मोजमाप. १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात काही तरुण अर्थशास्त्रज्ञ जमले होते, तिथे स्टॅन्ली रायटर या गणिती अर्थशास्त्रज्ञानं हा शब्द बनवला. कल्पना साधी आहे. इतिहासकार सहज लिहून जातात की अमुक गोष्टीमुळे देशाची भरभराट झाली. ‘मुळे’ म्हणजे नक्की किती? ते मोजून दाखवा.

मोजायचं कसं? मराठी व्याकरणात यासाठी नेमकी वाक्यरचना आहे : अमुक नसतं, तर तमुक झालं असतं. घडलेलं आपल्याला दिसतं. न घडलेलं कल्पून त्याचाही हिशेब मांडायचा, आणि दोघांमधला फरक म्हणजे त्या गोष्टीचं महत्त्व.

रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ साली हेच रेल्वेवर करून दाखवलं. रेल्वेनं अमेरिका घडवली, ही तिथली जवळपास श्रद्धा. फोगेल यांनी विचारलं, १८९० साली रेल्वे नसतीच तर? शेतमाल काही घरात सडला नसता. तो नद्यांनी, कालव्यांनी, घोडागाड्यांनी गेला असता. मग त्यांनी एकेक खर्च मांडला. पाण्यानं माल स्वस्तात जातो, पण सावकाश. हिवाळ्यात कालवे गोठतात, म्हणजे कोठारं जास्त लागतील. बोटी बुडतात, त्याचं नुकसान. शेतापासून नदीपर्यंत बैलघोड्यांचा खर्च. सगळं जमेस धरून शेतमालाच्या वाहतुकीत रेल्वेमुळे झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून कमी निघाली. गावं, ओळखी, स्थलांतर यांची किंमत रुपये-डॉलरात कशी लावणार, असं टीकाकार म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं वावगं नाही. पण त्यानंतर ‘रेल्वेनं देश घडवला’ हे वाक्य कुणाला बिनधास्त लिहिता आलं नाही.

हाच प्रश्न भारताला लावला तर उत्तर निराळं येतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. कून यांनी श्रवस् आणि क्लेओसची गाठ घातली तेही याच वर्षी. अमेरिकेत रेल्वेला टक्कर द्यायला कालव्यांचं जाळं होतं. इथे देशाच्या मोठ्या भागात बैलगाडीखेरीज काही नव्हतं. डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञानं ब्रिटिश काळातल्या सरकारी दप्तरांतून १८६१ ते १९३० चे आकडे काढले आणि मोजमापासाठी निवडलं मीठ. का? कारण मिठाची प्रत्येक जात ठरावीक ठिकाणीच तयार होते. सांभर सरोवराचं मीठ सांभरलाच होणार. तिथला भाव आणि शेकडो मैलांवरच्या बाजारातला त्याच मिठाचा भाव, यांतला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. रूळ आले की हा फरक किती घटला, हे मिठानं सांगितलं. पुढच्या हिशेबात असं निघालं की रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचं खरं उत्पन्न साधारण १६ टक्क्यांनी वाढलं. ते उत्पन्न कुणाच्या खिशात गेलं, हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा. पण चिमूटभर मिठातून इतकं काढता येतं, ही क्लिओच्या ग्रंथाची ताकद.

आता गुलामीकडे येतो. मोजणी कुठे डोळे उघडते आणि कुठे डोळ्यांवर झापड आणते, दोन्ही तिथे दिसतं.

अमेरिकेत बराच काळ एक समजूत होती. दक्षिणेतली गुलामगिरी तोट्यात चालली होती, यादवी युद्ध झालं नसतं तरी ती आपोआप मेली असती. १९५८ साली आल्फ्रेड कॉनरॅड आणि जॉन मायर या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं की मळेवाल्यांना गुलामांवर लावलेल्या पैशातून इतर गुंतवणुकीइतका चांगला परतावा मिळत होता. याचा अर्थ भयंकर आहे. ती व्यवस्था स्वतःहून मरणार नव्हती, ती मोडावीच लागणार होती. आकड्यांनी एक सोयीची समजूत पुसून टाकली.

पुढे १९७४ साली फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन यांनी गुलामीच्या अर्थकारणावर मोठा ग्रंथ काढला. त्यात लुइझियानातल्या बेनेट बॅरो या मळेवाल्याच्या रोजनिशीतून फटक्यांची सरासरी काढली होती : दर कामगारामागे वर्षाला ०.७ वेळा. एकापेक्षाही कमी. वाचणाऱ्याला वाटावं, म्हणजे फारसं काही नव्हतंच. हर्बर्ट गटमन या इतिहासकारानं तेच आकडे हातात घेतले आणि फक्त प्रश्न बदलला. दोन वर्षांत फटके मारण्याचे १६० प्रसंग. ७३० दिवसांना १६० नं भागा. साडेचार दिवसांनी एक. म्हणजे त्या मळ्यावरच्या प्रत्येक माणसाला, लहान मुलांनासुद्धा, आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी फटके बसताना दिसत किंवा ऐकू येत होते. भागाकार तोच, पण कशाला कशानं भागायचं हे कोण ठरवतो? फटक्यांचं काम ज्याला बसले त्याच्या पाठीवर संपत नाही. पाहणाऱ्यांच्या मनात ते सुरू राहतं, आणि भीती सरासरीत मावत नाही. वादामध्ये बॅरोकडे किती माणसं होती या मूळ आकड्यावरही गटमननं बोट ठेवलं. हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९९३ साली फोगेल यांना डग्लस नॉर्थ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही माझ्या मनात कायमचं घर करून आहे तो गटमनचा भागाकार.

फोगेल यांच्या कितीतरी आधी, आणि क्लिओमेट्रिक्स हा शब्द जन्माला यायच्याही आधी, पुण्यात एक गणिती हेच काम करत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या कोसबेनला १९०७ साली जन्म, वडील बौद्ध विद्येचे पंडित. १९४० च्या आसपास ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते आणि संख्याशास्त्र कशावर तरी वापरून पाहायचं म्हणून त्यांनी हाती घेतली आहत नाणी, प्राचीन भारतातली चांदीची ठसे मारलेली नाणी. या नाण्यांवर सूर्य, हत्ती, बैल, टेकडी अशी चिन्हं असतात. राजाचं नाव नसतं, सन नसतो. कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कळायला मार्ग नव्हता.

कोसंबींनी ती अचूक तराजूवर तोलायला सुरुवात केली. त्यांचा तर्क असा : नाणं एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा कणभर झिजतं. एका व्यवहारात ती झीज मोजता येणार नाही. पण शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर जितकी वर्षं नाणी फिरली तितकं वजन घटलेलं दिसेल, आणि नाण्या-नाण्यांमधला फरकही वाढत गेलेला दिसेल. तर्क खरा की खोटा हे तपासायला त्यांनी त्या वेळी बाजारात चालणारी नाणीसुद्धा हजारोंनी तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. तर्क खरा निघाला. मग तक्षशिलेला सापडलेल्या ठेव्यांतल्या नाण्यांकडे ते वळले. त्यांच्या पाठीवर छोटे छोटे जादा ठसे होते. कोसंबींना दिसलं की हे ठसे जितके जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे ठरावीक काळानं नाणी तपासून त्यांच्यावर खूण केली जात होती, आणि ती खूणच त्यांची वयं सांगत होती.

तक्षशिलेच्या त्या ठेव्यांपैकी एकात अलेक्झांडरच्या नावाची नाणीही होती. कोरी करकरीत, टांकसाळीतून नुकतीच निघाल्यासारखी, नाव ठळक. शेजारची बिननावाची आहत नाणी मात्र झिजून गुळगुळीत झालेली, कारण ती धान्य, मीठ, कापड घेताना लोकांनी वर्षानुवर्षं हाताळली होती. कोसंबींनी तराजूवर ठेवली ती ही झिजलेली नाणी.